बोदिलची ऐकायची खुर्ची

बोदिलला गाण्याची फारशी आवड नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात कुणालाही विचारलंत तर उलटंच सांगतील. "बोदिल ना? प्रेबेनची बायको? असला कान अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावर मिळायचा नाही," असं म्हणतील. कान तिखट होता, हे खरंच. पण कान तिखट असणं वेगळं आणि गाणं आवडणं वेगळं. माझ्या सासूबाई मासा नुसता हुंगून कालचा की आजचा ते सांगायच्या, पण मासा त्यांनी जन्मात कधी आवडीनं खाल्ला नाही.

बोदिलचा बाप कोळी होता, आणि कडक धार्मिक. त्यांच्या घरात नाच, पत्ते, गाणी सगळं पाप. रेडिओ लागायचा तो हवामानापुरता आणि रविवारच्या प्रार्थनेपुरता. मग त्या घरात ऐकायला होतं काय? वारा, घड्याळ आणि बापाची पावलं. बाप बंदरावरून परतला की फाटकापासून दारापर्यंतच्या पावलांवरून तिला कळायचं, आज बोलायचं की गप्प बसायचं. ती म्हणायची, "कान तिथं तयार झाला गं. संगीताचा काही संबंध नाही."

प्रेबेन डेअरीत इलेक्ट्रिशियन होता. आमच्या भागात स्पीकरचे कारखाने जवळ, त्यामुळं कुणी कबुतरं पाळावीत तसे इथले पुरुष घरी स्पीकर बनवतात. लग्नाआधी एका दुपारी प्रेबेननं तिला आपल्या भाड्याच्या खोलीत नेलं आणि स्वतः बनवलेल्या दोन खोक्यांवर एका बाईचं गाणं लावलं. "कसं वाटतं?" म्हणून विचारलं.

बोदिल म्हणाली, "उजवीकडची बाई बरी आहे. डावीकडच्या बाईला सर्दी झालीय."

प्रेबेननं डावं खोकं तिथल्या तिथं उघडलं. आत स्पीकरच्या कडेला सरसाचा ओघळ येऊन वाळला होता. तो जमिनीवर बसून तिच्याकडे बघतच राहिला. महिन्याभरात त्यानं तिला मागणी घातली. बोदिल मला म्हणाली होती, "तो माझ्या प्रेमात पडला की माझ्या कानाच्या, हे मी त्याला कधी विचारलं नाही. उत्तर खरं दिलं असतं ना त्यानं."

मग खुर्ची आली. उंच पाठीची, तपकिरी. बैठकीच्या खोलीत तिची जागा प्रेबेननं मोजून ठरवली आणि चारही पायांपाशी लाकडी जमिनीत पितळी चुका ठोकल्या, म्हणजे केर काढताना हलली तरी परत तिथंच यावी. मंगळवारी आणि शुक्रवारी जेवण झालं की बोदिलनं त्या खुर्चीत बसायचं, तोंड भिंतीकडे. भिंतीपाशी दोन खोकी. प्रेबेन खोक्यांमागं काहीतरी बदलायचा, वाजवायचा आणि विचारायचा, "आता?" खिडकी तिच्या पाठीशी. विणायचं नाही, सुया वाजतात. पाय हलवायचे नाहीत. शक्यतो डोळे मिटायचे.

आम्ही शेजारी. माझा नवरा हेल्गे प्रेबेनच्याच स्पीकर मंडळात. मंगळवारी गावच्या सभागृहात आम्हा बायकांची विणायची बैठक असायची. सुरुवातीला मी तिला दर आठवड्याला बोलवायची. ती म्हणायची, "मंगळवारी नको गं रिग्मोर. मंगळवारी मला बसायचं असतं." पुढं पुढं मी विचारायचं सोडलं.

एकदा, लग्नाला चारेक वर्षं झाली असतील, तिनं त्याला सांगून पाहिलं होतं की मला आता नाही बसायचं. प्रेबेन रागावला नाही. तो नुसता हिरमुसला. मागच्या शेडमध्ये खोकी बनवायला जायचं त्यानं बंद केलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात हात मांडीवर ठेवून बसायचा आणि बटाटे सोलायला मदत करू का म्हणून विचारायचा. पंधरा दिवसांत बोदिलच उठून खुर्चीत जाऊन बसली. "रागावला असता तर बरं झालं असतं," ती म्हणायची. "रागावणाऱ्याला उत्तर देता येतं. याला काय देणार?"

अशी तीसएक वर्षं गेली. प्रेबेन वाईट माणूस नव्हता, हे लक्षात असू द्या. त्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नाही, दारू पिऊन आला नाही, तिचा वाढदिवस विसरला नाही. प्रत्येक नवं खोकं तो तिच्या शब्दावर पास करायचा आणि चारचौघांत सांगायचा, "हे मी बनवलं नाही, बोदिलनं बनवलं." तिला मान होता. आणि मान दिलेल्या माणसाला उठून जायची पंचाईत असते.

त्या वर्षी मंडळानं मोठं काम काढलं. नऊ सभासदांनी एकाच नकाशाचे, तीन भागांचे स्पीकर बनवायचे. खाली जाड आवाजाचा मोठा, वर बारीक आवाजाचा छोटा आणि मध्ये मधल्या सुरांचा. खालचा ठरला, वरचा ठरला, आणि मधल्यावर गाडी अडली. मधला म्हणजे खरं काम त्याचं. माणसाचा गळा, व्हायोलिन, पियानोचा मोठा भाग, सगळं त्याच्याकडे. तो चुकला तर वरखालचे सोन्याचे असून उपयोग नाही.

निवड चारांतून करायची होती: कागदी कोनाचा, प्लॅस्टिकचा, धातूचा आणि कापडी घुमटाचा. आमच्याच घरी कॉफी पिता पिता त्यांची जुंपली.

मंडळाचे म्होरके ओलुफ मास्तर, शाळेत विज्ञान शिकवणारे, म्हणाले, "मापात धातूचा सगळ्यात सरळ आहे. विषय संपला."

"मापात सरळ असेल हो मास्तर," हेल्गे म्हणाला, "पण वर कुठंतरी ताटली पडल्यासारखा वाजतो त्याचं काय? कागदीच घ्या. आपल्या आज्यांच्या रेडिओत कागदच होता."

"तुझ्या आजीच्या रेडिओत उंदीरपण होते."

प्रेबेन हळूच म्हणाला, "घुमटाचा आवाज मोकळा येतो. फक्त तो फार खाली उतरत नाही, म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा तळ मोठ्या स्पीकरला सांभाळावा लागेल."

"म्हणजे गाणारा कमरेत कापायचा?" मास्तर म्हणाले. सगळे हसले. मग मास्तरांनीच निकाल दिला, "भांडू नका. बोदिल ठरवील."

बोदिल तेव्हा माझ्याबरोबर ओट्यापाशी सफरचंदाच्या केकवर साय घालत होती. हसण्याचा आवाज आला तशी तिनं मान वर केली आणि मला विचारलं, "काय म्हणाले ते?" ते चार हातांवर बसले होते. मला तेव्हा काही वाटलं नाही.

तिला मात्र इस्टरपासून वाटत होतं. आधी तिला वाटलं, पाद्रीबाबांचे दात गेले असावेत, ते तोंडातल्या तोंडात बोलतात. मग बेकरीतली पोरगी पुटपुटायला लागली. मग टीव्हीवरची माणसं. पण चिमण्या स्वच्छ ऐकू यायच्या, किल्ल्या पडल्या तर कळायचं, लांबचा ट्रॅक्टर कळायचा. म्हणून तिनं मानलं की कान शाबूत आहेत, लोकच नीट बोलेनासे झालेत.

पहिल्या मंगळवारी प्रेबेननं चारही स्पीकर आळीपाळीनं वाजवले आणि तिला चौघांत काही फरक कळला नाही. चारही वेळा तीच बाई रजईखालून गात होती. "आता?" प्रेबेननं विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं अंदाज मारला. ती म्हणाली, "तिसरा."

शुक्रवारी त्यानं क्रम बदलला. ती पुन्हा "तिसरा" म्हणाली, पण आता तिसरा वेगळाच होता. दुसऱ्या कुणाच्या मनात लगेच शंका आली असती. प्रेबेननं स्पीकरकडे पाहिलं, तारांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. बोदिलकडे पाहिलंच नाही. "चूक माझीच असणार," तो म्हणाला.

तिथून त्या घराचे हाल सुरू झाले. आधी त्यानं आवाजाची वाटणी करणारं सर्किट उकलून पुन्हा जोडलं. तरी तिची उत्तरं जुळेनात. मग खोक्यांत लोकर भरली. मग वाटलं, खोलीच घुमते. सोफा गॅरेजमध्ये गेला, पडदे उतरले, गालिचा दुप्पट झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस मी गेले तर बैठकीच्या खोलीत दोन गाद्या भिंतीला टेकून उभ्या.

"झोपता कुठं?" मी विचारलं.

"पाहुण्यांच्या पलंगावर. एकाची पाठ भिंतीला, एकाची हवेत." आणि मग ती मधल्या दाराकडे बघून हळू बोलली, "रिग्मोर, मला चौघांत काहीच कळत नाही गं. एकसारखे आहेत सगळे."

"मग सांग ना त्याला!"

"काय सांगू? त्यानं सगळं माझ्या शब्दावर उभारलंय. आणि नाही सांगितलं तर हा घर पाडायचा. काल छताकडे बघत होता."

तिला कानाच्या डॉक्टरांकडे मी नेलं, माझ्या गाडीतून. प्रेबेनला सांगितलं, लोकर आणायला जातोय. डॉक्टरांनी तिला कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे सपाट, उजवीकडे सपाट आणि मध्ये दरी. घराण्यातून येतं म्हणाले. तिच्या मावशीचं असंच होतं. गेलेलं परत येत नाही, यंत्र लावून थोडं भागेल.

गाडीत बसल्यावर तिनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं रडेल. तर ती हसली. लहान पोरीसारखी, तोंडावर हात ठेवून.

"काय झालं?"

"म्हणजे आता मला उठता येईल," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग आजच सांगून टाक. पण पुढच्या रविवारी मंडळ यायचं होतं, अखेरची निवड करायला. मंडळासमोर प्रेबेनची फजिती नको, असं तिचं मत पडलं. तिनं आपलं एक ठरवलं. प्रेबेनला घुमट आवडतो हे तिला ठाऊक होतं. रविवारी घुमट आला की शेवटचं एकदा "हाच" म्हणायचं, त्याच्या मनासारखं होऊ द्यायचं, आणि सोमवारी तो रेघेचा कागद त्याच्यापुढं ठेवून मानानं निवृत्त व्हायचं. घुमटाची पाळी कितवी, तेही तिनं शेडमध्ये जाऊन बघून ठेवलं. चौथी.

रविवारी दुपारी सगळे जमले. गाद्यांमुळं खोलीत दवाखान्यासारखं वाटत होतं. पुरुष स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आणून मागं ओळीनं बसले, आम्ही दोघीतिघी दारात. स्पीकरपुढं काळा कपडा टांगलेला. बोदिल आपल्या खुर्चीत, डोळे मिटून, नवा ब्लाउज घालून.

एका बाईचं गाणं होतं, सोबत चेलो. पहिला वाजला, दुसरा वाजला, तिसरा वाजला. मला स्वतःला दुसरा आवडला. बोदिल फक्त मान हलवत राहिली. प्रेबेन कपड्यामागं गेला, खुडबुड केली, बाहेर आला आणि चौथा लावला.

चौथ्यात बाईच नव्हती. चेलोचा नुसता दणका येत होता आणि वर श्वास, ओठ, स-श-ष. गळा कुणी काढून नेल्यासारखा. मधल्याची तार निसटली होती, हे माझ्यासारखीलाही समजलं. हेल्गेनं माझ्याकडे वळून भुवई उडवली. मास्तर प्रेबेनला खूण करायला उठणार, तेवढ्यात बोदिलनं डोळे उघडले.

"हाच," ती म्हणाली. "हाच सगळ्यात छान. आवाज कसा मोकळा येतो."

गाणं चालूच होतं. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, हेल्गेनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. बोदिलला पाठीमागचं काही दिसत नव्हतं. ती प्रेबेनच्या चेहऱ्याकडे बघत होती, शाबासकीची वाट बघावी तशी. आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की काहीतरी झालंय. काय, ते कळेना.

प्रेबेन कपड्यामागं गेला. बाहेर आला तेव्हा सुटलेली तार त्याच्या हातात होती. ती त्यानं मुठीत घेतली.

"हं," तो म्हणाला. "मलाही तसंच वाटलं." मग सगळ्यांकडे वळून, "कॉफी घेऊ या?"

आमची माणसं अशा वेळी बोलत नाहीत. सगळे केक खात वाऱ्याविषयी, बंदरातल्या गाळाविषयी बोलले आणि नेहमीपेक्षा लवकर उठले. जाताना मास्तरांनी बोदिलचा हात जरा जास्त वेळ धरला. मी कपबश्या धुवायला मागं राहिले, म्हणून पुढचं माझ्या कानांवर पडलं.

"कधीपासून?" प्रेबेननं विचारलं. तिच्या समोर येऊन, मोठ्यानं.

"इस्टरपासून."

"डॉक्टर?"

तिनं पर्समधून कागद काढून दिला. मी पुसलेली बशी पुन्हा पुसत उभी राहिले. वाटलं, आता हा माणूस कोसळणार. प्रेबेन कागद घेऊन खिडकीपाशी गेला. अशा रेघा वाचण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्यानं त्या दरीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अगं बोदिल," तो म्हणाला, "हे तर भरून काढता येईल!"

"प्रेबेन, इकडे बघ. मला नकोय. मला आता थांबायचंय." "मला गाणं तितकंसं आवडत नाही. आधीही आवडत नव्हतं."

प्रेबेन तिच्याजवळ आला, तिच्या दोन्ही दंडांना धरलं आणि मायेनं हसला. "आत्ता तुला असंच वाटणार. ऐकूच येत नाही तर आवडेल कसं? दे माझ्यावर सोडून."

बोदिलनं माझ्याकडे पाहिलं. मी बशी फळीवर ठेवली. दुसरं काय करणार होते?

मंडळानं हात वर करून घुमट निवडला आणि त्यांचे स्पीकर चांगले झाले, अजून वाजतात. प्रेबेननं तो घेतला नाही. त्याला आता चांगला मधला नको होता, नेमका चुकलेला हवा होता. जिथं बोदिलच्या कानात दरी तिथं ज्याच्या आवाजात डोंगर, असा. कंपन्या असले बनवत नाहीत. महिनाभर तो शोधत हिंडला आणि शेवटी बंदरावर सापडला. मासळीच्या लिलावाची जुनी शेड पाडत होते, तिथल्या खांबांवरचे कर्णे. बोटींच्या इंजिनांवरून भाव ओरडायला केलेले, कागदी कोनाचे, खडखडीत, सगळा जोर मधल्या सुरांत. दोन काढून आणले. अक्रोडाच्या लाकडाची खोकी केली, आमच्या मंडळात तेवढी देखणी कुणाचीच नाहीत, आणि मध्यभागी ते लिलाववाले बसवले. मग कागदावरच्या रेघेशी ताडून सर्किट जुळवत राहिला. मी त्याला इतक्या आनंदात कधीच पाहिलं नव्हतं. शेडमधून शीळ ऐकू यायची.

सोफा घरात आला, पडदे लागले, गाद्या पलंगावर गेल्या. खुर्ची पितळी चुकांच्या मध्ये होतीच. मार्चमध्ये एका शुक्रवारी त्यानं बोदिलला हाताला धरून नेऊन बसवलं आणि तेच गाणं लावलं.

बाई रजईखालून बाहेर आली. शब्द न् शब्द. बोदिलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि प्रेबेन तिच्या पायाशी जमिनीवर बसून तिच्याकडे बघत राहिला, पहिल्यांदा भाड्याच्या खोलीत बसला होता तसा. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "ऐकू आलं म्हणून रडले गं. आणि आता कधी उठता येणार नाही म्हणूनही रडले. त्यातलं कुठलं किती, मला विचारू नकोस."

तिच्याशिवाय ते स्पीकर कुणालाच सोसत नाहीत. हेल्गे एकदा गेला होता, कॉफी थंड व्हायच्या आत परत आला. म्हणाला, बाई गात नाही, मासळी विकते. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की मंगळवारी लोक त्या गल्लीतून जात नाहीत. प्रेबेन स्वतः लोकरीची टोपी कानांवर ओढून तिच्या शेजारी बसतो आणि तिचं तोंड बघतो. तिनं हसायला हवं असतं, म्हणून ती हसते. जगात एकाच माणसासाठी बनवलेली वस्तू आपल्याला मिळाली, तर ती नको म्हणायची कशी? मी कितीदा विचार केला, मला सुचलेलं नाही.

गेल्या जुलैत प्रेबेनचं खुब्याचं ऑपरेशन झालं, आठवडाभर तो दवाखान्यात होता. मंगळवारी दुपारी बोदिल स्वतःहून माझ्या दारात आली, हातात टॉवेल. आम्ही खाडीवर गेलो. आमच्या वयाला पाणी गारच होतं, पण ती निघायला तयार नव्हती. उताणी तरंगत राहिली, कान पाण्यात बुडवून. परत आलो, माझ्या घरी काळा पाव आणि खारवलेली हेरिंग मासळी काढली, ओले केस घेऊनच जेवायला बसलो, तर फोन वाजला.

"रिग्मोर, बोदिल आहे का तिकडे? घरी कुणी उचलत नाही. म्हटलं मंगळवार आहे, ऐकत बसली असेल, घंटी कळली नसेल."

"आहे ना. आत्ताच आली."

"काय म्हणतोय?" बोदिलनं विचारलं.

मी रिसीव्हरवर हात ठेवून तिच्या समोर गेले, ओठ दिसतील असं बोलले. "आज बसलीस का विचारतोय."

तिच्या केसांतलं पाणी टेबलावर ठिबकत होतं. तिनं पावाचा घास चावून, गिळून मग सांगितलं, "बसले म्हणावं. सगळं स्वच्छ ऐकू आलं म्हणावं."

मी तसं सांगितलं. पलीकडून प्रेबेन म्हणाला, "बघ! म्हटलं नव्हतं मी?" आणि त्याचा आवाज इतका खूश होता, की मी त्याच्या खुब्याची चौकशी करायलाही विसरले.

पुढच्या मंगळवारी तो घरी आला होता.